भुजंगचा खांदा आणि अण्णांचा खोकला

वडीगोद्रीला आमच्या भुजंगच्या गिरणीवर दोन गोष्टी मिळायच्या, पीठ आणि झोप. पीठ बायांना मिळायचं, झोप त्यांच्या कडेवरच्या लेकरांना.

गिरणी रोडला लागूनच, पत्र्याची. तुळजाबाई डोक्यावर जवारीचा डबा आणि कडेवर रडून लालबुंद झालेला नातू घेऊन यायची, आणि डबा खाली ठेवायच्या आधी नातवाला भुजंगच्या अंगावर टाकायची. "घे बाबा याला. सकाळधरून डोस्कं उठवलंय." भुजंग काही बोलायचा नाही. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. पोराला खांद्यावर घ्यायचा, एक हात पाठीवर ठेवायचा आणि चक्कीच्या पट्ट्याच्या अलीकडे उभा राहून डुलायचा. गिरणीचा जो घुमणारा आवाज असतो, तसाच आवाज तो तोंड मिटून छातीतून काढायचा. पोर आधी आणखी जोरात रडायचं, मग ऐकायला लागायचं, मग मान टाकायचं. लाईट जाणं तर रोजचंच. गिरणी थांबायची, बाया वैतागायच्या, पण भुजंगची छाती चालूच असायची. पोराला घेऊन बाई घराकडे निघाली की त्याच्या पाठीवर पिठाचा पांढरा पंजा उठलेला दिसायचा. असा पंजा पाठीवर घेऊन कुणी लेकरू गावात दिसलं, की समजायचं, हे भुजंगकडे झोपून आलंय, आता तासभर तरी त्याची तक्रार नाही.

मी त्याची थोरली बहीण, नंदा. परतूरकडे एका खेड्यात शाळेवर मास्तरीण होते. लोक मला फटकळ म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. भुजंग माझ्या अगदी उलटा. आई लवकर गेली, तेव्हा याला मीच वाढवला, पण माझं तोंड काही त्याला लागलं नाही. राग आला की तो गिरणीचा दगड उतरवून टाकी-हातोडी घेऊन बसायचा आणि झिजलेल्या दगडाला टाके घालायचा, म्हणजे खाचा पाडायचा. राग दगडात जायचा आणि पीठ बारीक यायचं, असं मी त्याला चिडवायचे.

१९८५च्या दिवाळीच्या सुमाराला त्याला मुलगी झाली. आईच्या नावानं तिचं नाव द्वारका ठेवलं. अण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना, बायकोचं नाव तोंडानं घ्यायची सवय कधीच नव्हती, म्हणून त्यांनी त्या एवढ्याशा पोरीला 'म्हातारी' म्हणायला सुरुवात केली. "म्हातारी उठली का? म्हातारीनं दूध पेलं का?" अण्णांची माया एवढीच. बाकी माणूस ताठ. दिवसभर गिरणीच्या दाराशी लाकडी स्टुलावर बसायचे, संध्याकाळी घरी ओसरीत बाजेवर. म्हणजे भुजंग जिथं जिथं, अण्णा तिथं तिथं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी भुजंगच्या बायकोला, उषाला, बारीक ताप यायला लागला. मग खोकला, मग थुंकीत रक्त. क्षय निघाला. तिच्या भावानं तिला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लेकराला बिलकुल जवळ आणायचं नाही. पोरगी तेव्हा सहा-सात महिन्यांची, अंगावर पिणारी. सकाळी आईच्या कुशीत होती, दुपारी आई नाही. शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मी माझं घर सासूबाईंवर टाकून वडीगोद्रीला आले.

ती रडत होती म्हणजे किती रडत होती, हे मी सांगू शकत नाही. गल्लीतली एकही बाई मागे राहिली नाही. शेजारच्या सोनूबाईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुसरीनं पोटाला हिंग लावला. तिसरीनं अंगारा आणला. जी ती तिला घ्यायची, थोपटायची, हलवायची, दमायची आणि दुसरीकडे द्यायची. लेकराला काही झालेलं नव्हतं. तिची आई जवळ नव्हती. पण त्यावर कुणाकडे औषध नव्हतं, म्हणून सगळ्या दुसरंच दुखणं शोधत होत्या. मीही त्यातलीच. गाईचं दूध वाटी-चमच्यानं पाजायला गेले की ती तोंड फिरवायची, आणि चमचाभर गेलंच तर ओकून टाकायची.

मग एक दिवस ती रडायची थांबली. सोनूबाई म्हणाली, "बरं झालं बाई, लागलं वळण." मला मात्र धडकी भरली. पोरगी झोळीत डोळे उघडे ठेवून पडली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. चुटकी वाजवली तरी नाही. गाल बसलेले, हात कसे नुसतेच बाजूला पडलेले. रडणारं लेकरू अजून काहीतरी मागत असतं. हिनं मागणंच सोडलं होतं. मी तिला उचललं आणि तरातरा गिरणीवर गेले.

गिरणी चालू होती. तो आवाज कानावर पडला तशी तिनं मान वळवली. पिठानं माखलेल्या भुजंगला बघितलं, ओठ काढले आणि दोन्ही हात त्याच्याकडे केले. मला वाटलं, सुटलो. भुजंगचे हात उठलेसुद्धा. मग त्यानं दाराकडे बघितलं. दाराशी स्टुलावर अण्णा होते. भुजंगनं हात खाली घेतले आणि कुणाचीतरी बाजरी चक्कीत ओतली.

ही आमच्याकडची रीत. बापाच्या डोळ्यांदेखत आपलं लेकरू उचलायचं नाही. ते निर्लज्जपणाचं. दुसऱ्याचं पोर खुशाल खांद्यावर घ्या, आपलं मात्र शेजाऱ्याचं असल्यासारखं लांबून बघा. अण्णांनीही तेच केलेलं. मला त्यांनी पहिल्यांदा जवळ घेतलं ते आजोबा वारल्यावर, आणि तेव्हा मी उचलून घ्यायच्या वयाची राहिले नव्हते.

"दुनियेची लेकरं चालतात तुला," मी भुजंगला बाजूला घेऊन म्हणाले, "आणि स्वतःची पोरगी मरायला लागली तरी चालत न्हाई?"

"अक्का, अण्णा हायेत," तो म्हणाला. बस्स. तो दिवस दगड उतरवून टाके घालायचा नव्हता, तरी त्यानं घातले.

दोन-तीन दिवसांनी मी दुपारची हापशावरून पाणी घेऊन आले, तर घरात चिडीचूप. आत डोकावले. पोरगी झोळीत गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. वाटीतलं दूध संपलेलं. तिला कुशीवर वळवलं आणि मला हसू आवरेना. तिच्या लाल झबल्यावर पाठीला पिठाचा पंजा होता. अण्णा गिरणीवर बसलेले असताना हा पठ्ठ्या गिरणीच्या मागच्या दारानं घरी येऊन गेला होता.

मी झबलं झटकायला पाहिजे होतं, पण तिची झोप मोडवेना. संध्याकाळी ती उठली तेव्हा तिला तशीच ओसरीत आणली. अण्णा चहा पीत होते. तिच्या पाठीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी बशी खाली ठेवली, थोडा वेळ बघितलं, पुन्हा बशी उचलली.

आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णांना खोकला लागला.

दुपारी जेवायला घरी येताना गल्लीच्या वळणावर लिंबाच्या झाडापाशी आले की सुरुवात. मग फाटकापाशी एकदा. मग ओसरीच्या पायरीवर घसा खाकरणं, काठी आपटणं. आत भुजंग पोरगी मांडीवर घेऊन दूध पाजत असायचा. आता तो दुपारी रोज येत होता, आणि ती फक्त त्याच्या हातूनच पीत होती. घुं घुं करत तो एक एक चमचा तिच्या तोंडाला लावायचा आणि ती त्याच्या शर्टाची गुंडी धरून प्यायची. डोळ्यांत जीव आला होता. मला बघूनही हसायला लागली होती. पण वळणावर खोकला वाजला की भुजंग तिला चटकन झोळीत ठेवायचा आणि टॉवेलनं हात पुसत बाहेर जायचा. की इकडे हिचा टाहो.

पुढे पुढे ती खाली ठेवायचीही वाट बघेना. लांबून खोकला ऐकू आला की आधीच ओठ काढायची, भुजंगचा शर्ट मुठीत घट्ट धरायची आणि रडायला लागायची. त्या मुठी सोडवताना भुजंगचा चेहरा माझ्यानं बघवायचा नाही. पुन्हा दूध ओकणं सुरू झालं. एकदा अण्णा ओसरीत बसल्यावर मला म्हणाले, "नंदे, म्हातारीला मी आवडत न्हाई. मी आलो की रडती." त्यांनी ते सहज बोलल्यासारखं केलं, पण त्यांना ते फार लागलं होतं.

आता कुणी म्हणेल, मास्तरीणबाई, तुम्हाला एवढंही कळलं नाही? नाही कळलं. घरातली एक सून क्षयानं दवाखान्यात पडलेली असताना म्हाताऱ्याच्या खोकल्यात दुसरं काही ऐकू येतच नाही. भुजंग तर हबकूनच गेला. त्याला वाटलं, उषाचा आजार अण्णांना लागला, आता पोरीलाही लागणार. गिरणी बंद ठेवून त्यानं अण्णांना अंबडच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, "मला काय बी झालं न्हाई." पण खोकणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो? पोरीला घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिला घेऊन मीही निघाले.

अंबडच्या डॉक्टरांनी अण्णांना टेबलावर बसवलं, छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. "आजोबा, खोका बरं."

अण्णा खोकले. इतकं बेचव खोकणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"छाती साफ आहे यांची," डॉक्टर म्हणाले. "अगदी तरण्या माणसासारखी. खोकला येतो कधी? रात्री? पहाटे?"

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. म्हणून मीच सांगायला लागले. "रात्री न्हाई येत. पहाटे बी न्हाई. गिरणीवर बसतात तिथं तर बिलकुल येत न्हाई. घरी येताना येतो. वळणावर, मंग फाटकापाशी, मंग पायरीवर..."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. मी भुजंगकडे बघितलं. भुजंग खाली फरशीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. डॉक्टरांनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं आणि ताकदीचं औषध लिहून दिलं.

आमचे अण्णा. पंजा बघितल्यापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. रीत मोडून "घे रे पोरीला" असं त्यांच्यानं म्हणवत नव्हतं, आणि लेकानं आपल्या धाकानं पोरीला घेणं सोडू नये, असंही वाटत होतं. म्हणून या माणसानं, येताना लेकाला वर्दी मिळावी, त्याची लाज राहावी, एवढ्यासाठी भर उन्हाळ्यात खोकला काढला होता. आणि तो खोकलाच त्या लेकराला बापाच्या कुशीतून काढत होता. मला तिथं दवाखान्यात रडू आलं. मी पदरानं नाक पुसलं आणि धुळीचं निमित्त सांगितलं.

स्टँडवर आलो तर वडीगोद्रीच्या गाडीला वेळ होता. ऊन मी म्हणत होतं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, गाड्यांचा धूर, गर्दी. पोरगी माझ्याकडे होती. आधी कुरकुरली, मग रडायला लागली आणि मग तिनं जो सूर धरला, की बाकावरची माणसं उठून बघायला लागली. मी थोपटलं, फिरवलं, पाणी पाजलं. ती माझ्या हातात मागे वाकून धनुष्य झाली. दोन्ही हात भुजंगकडे. भुजंग अण्णांच्या शेजारी औषधांची पिशवी धरून उभा होता. दोन्ही हातांनी धरून, जसं काही त्या पिशवीत मणभर गहू होते.

इथं घर नव्हतं, दार नव्हतं, वळण नव्हतं. अण्णांना खोकायला जागाच नव्हती. वडीगोद्रीची चार माणसं त्याच गाडीसाठी थांबलेली, त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं. पोरीचा आवाज बसत चालला होता.

अण्णांनी पोरीकडे बघितलं. मग भुजंगकडे हात पुढे केला.

"पिशवी आण इकडं," ते म्हणाले.

भुजंगला कळेना. "असू द्या अण्णा, जड न्हाई."

"मला ठाऊक हाय जड न्हाई. आण."

त्यांनी पिशवी ओढूनच घेतली. भुजंगचे हात रिकामे राहिले. तो त्या हातांकडे बघत क्षणभर उभा राहिला, मग माझ्याजवळ आला आणि त्यानं आपल्या बापासमोर, भर स्टँडवर, आपली पोरगी घेतली. ती त्याच्या मानेत शिरली. गिरणी तिथून कितीतरी लांब होती, पण त्याची छाती घुमायला लागली. ती हुंदके देत राहिली, मग हुंदके लांब लांब पडत गेले, आणि शर्टाची गुंडी मुठीत धरून ती झोपली.

गाडीत आमच्या पुढच्या बाकावर गावातला कारभारी बसला होता. त्यानं मागे वळून बघितलं. "काय भुजंगा, बापाच्या म्होरं लेकरू घेऊन बसला?"

भुजंगनं मान खाली घातली. अण्णा म्हणाले, "त्याच्या हातात लेकरू हाय. माझ्या हातात पिशवी हाय. तुझे हात मोकळे हायेत कारभारी, तर ती खिडकी लाव. म्हातारीच्या तोंडावर झळ यायली."

कारभाऱ्यानं मुकाट्यानं खिडकी लावली.

बऱ्याच वेळानं अण्णांनी मला हळूच विचारलं, "नंदे, म्हंजे म्हातारी माझ्यामुळं रडत व्हती?"

"तुमच्यामुळं न्हाई, अण्णा. खोकल्यामुळं."

"खोकला तर माझाच व्हता," ते म्हणाले आणि झोपलेल्या पोरीच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून वडीगोद्री येईपर्यंत बसले.

त्यानंतर खोकला गेला. औषधाची बाटली तशीच राहिली. भुजंग ओसरीत, गिरणीत, कुठंही पोरीला घेऊन बसायला लागला, आणि ती महिनाभरात अशी भरली की घेणारीच्या कमरेला रग लागावी. मी सुट्टी संपून शाळेवर गेले.

दसऱ्याला उषा बरी होऊन आली. मीही आले होते. तिनं हात पुढे केले तर द्वारकानं तोंड फिरवून बापाच्या मानेत लपवलं. उषा मटकन पायरीवर बसली. "मी तिची आई हाय न्हवं? इसरली का मला?"

"इसरली न्हाई. रुसली हाय," भुजंग म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य ते. तो पोरीला देऊन मोकळा झाला नाही. उषाच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला, पोरगी आपल्याच मांडीवर ठेवून, आणि घुमायला लागला. रोज तसंच बसायचा. अण्णा समोर बाजेवर असायचे आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरीनं एक हात बापाच्या गुंडीवर ठेवला आणि दुसरा आईच्या मंगळसूत्राला घातला. त्या संध्याकाळी पोरगी सरकत सरकत आपली आपण तिच्या मांडीवर गेली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. भुजंगच्या खांद्यावर झोपलेली पोरं आता आपली पोरं घेऊन गिरणीवर येतात, आणि त्यांच्यातले बाप आपल्या म्हाताऱ्यांसमोर लेकरू बिनदिक्कत कडेवर घेतात. हे आमच्या अण्णांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. जग बदलतच होतं. पण वडीगोद्रीच्या म्हाताऱ्यांत पहिली पिशवी अण्णांनी धरली, एवढं मी म्हणणार.

१९९९च्या हिवाळ्यात अण्णांना खरा खोकला लागला. दमा. आडवं झालं की श्वास अडकायचा. मी भेटायला गेले होते. दिवेलागणीची वेळ. भुजंग गिरणीवरून तसाच आला होता, हातपाय न धुता. तो बाजेवर अण्णांच्या मागे बसला आणि त्यांना उठवून आपल्या छातीशी टेकवून धरलं. अण्णांनी आयुष्यात कुणाच्या अंगावर डोकं टेकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते भुजंगच्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले. काळ्या घोंगडीवर पिठाचे पंजे उठले. भुजंग तोंड मिटून घुमत होता, आणि अण्णांचा श्वास त्या आवाजाच्या मागून चालत हळूहळू लांब होत होता.

बाहेर अंगणात पावलं वाजली. द्वारका होती, शाळेतून आलेली, चांगली मोठी झालेली, वेण्यांची. अण्णांच्या खोकल्याची आणि स्टँडवरची गोष्ट तिला आम्ही इतक्या वेळा सांगितली होती की तिला ती स्वतःला आठवते असंच वाटायचं. ती पायरीवर आली, तिनं आत बघितलं, आजोबाला तसं लेकरासारखं पडलेलं बघितलं, आणि आवाज न करता मागे सरकली. फाटकापर्यंत गेली.

आणि तिथून ती खोकली.

भुजंग घुमायचा थांबला. अण्णांनी डोळे उघडले. त्यांना मान सावरून बसायला पुरेसा वेळ होता. तेवढ्यासाठीच तर तिनं तो दिला होता. पण ते हलले नाहीत.

"ये म्हातारे," ते भुजंगच्या खांद्यावरूनच म्हणाले. "मी काय उठत न्हाई आता."